अण्णांनी ठीक म्हटलेलं बटण

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ढसाढसा रडलो होतो. आज लिहायला बसलोय तो मात्र चिडून. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात... म्हणोत बापडे.

अण्णा मूळचे बेळगावचे, माझ्याहून वयाने मोठे. बंगळूरला एकाच कारखान्यात आम्ही नोकरीला. चार-पाच वर्षांपूर्वी मल्लेश्वरमला त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आमचा उद्योग चाले. शाळांच्या प्रश्नमंजूषेसाठी यंत्र करत होतो. जो आधी बटण दाबेल त्याचा दिवा लागणार. सुटे भाग तपासायचे अण्णांनी, बटणं जोडून मायक्रोकंट्रोलर चिपचा प्रोग्राम लिहायचा मी, आणि एकाने ठीक म्हटलं की दुसऱ्याने पुन्हा बघायचं नाही, हा आमचा रिवाज. पहिल्या शाळेला यंत्र पसंत पडलं की दोघांनी नोकरी सोडून स्वतःचं वर्कशॉप काढायचं ठरलं होतं. मी तर राजीनामा लिहूनही ठेवला होता!

आदल्या संध्याकाळी यंत्र झकास चाललं. दुसऱ्या दिवशी शाळेत, सगळ्यांसमोर, वीज सुरू करताच तिसरा दिवा आपोआप लागला. बटणाला कुणी हातही लावला नव्हता. मुलं फिदीफिदी हसली, मला दरदरून घाम फुटला. "अण्णा, बटण बघा हो!" अण्णांनी मीटर लावला. "बटण ठीक आहे रे. तुझ्या प्रोग्राममध्येच घोळ आहे." मग चिपमधला प्रोग्राम पुसून पुन्हा भरला, ओळ न् ओळ तपासली, आठवडेच्या आठवडे... दिवा काही हटेना. शेवटी अण्णाच कानडीत म्हणाले, "सरी, बिडू. सोडून दे आता. सगळ्यांनाच जमतं असं नाही." मी राजीनामा फाडला. त्यानंतर प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही. अण्णांच्या हातची कॉफी मात्र दर रविवारी पीत राहिलो.

गेल्या आठवड्यात अण्णांच्या घरी वहिनींनी त्या यंत्राचा बोर्ड माझ्या हातात ठेवला. घरी आणून निरखला. या बटणाला चार पाय असतात. पाव वळण फिरवून बसवलं तर ते कायम दाबल्यासारखंच राहतं. तिसरं तसंच होतं. मी ते सरळ बसवलं होतं, आणि माझं सोल्डर, म्हणजे जोडाचे डाग, नुसते गोळे. हे सोल्डर रेखीव होतं... अण्णांचं.

तडक वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "नोकरी सोडायचा धीर होत नव्हता रे ह्यांना. तुला तसं सांगायचा तर त्याहून नाही."

अहो अण्णा, नुसतं सांगायचं होतंत! चिडलो असतो, चार दिवस बोललो नसतो, आणि रविवारी कॉफीला आलो असतो. केसाने गळा कापलात माझा. आता भांडू कुणाशी?

काल ते बटण काढून सरळ बसवलं. मीटर लावला, या वेळी स्वतः. वीज सुरू केली. तिसरा दिवा गप्प. बटण दाबलं... लागला. प्रोग्राम माझाच, तेव्हाचा, एक अक्षरही न बदललेला.