पिठातली उलटी पावलं

शनिवार, दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा. दुपारी तीन.

हजर: मी. माझे यजमान. माझा धाकटा दीर, साखऱ्याहून मोटारसायकलवर, पावणेदोनला पोचला. त्याची मुलगी, वय आठ. त्याचा मुलगा, वय पाच. एकूण पाच.

मी पुसेगावला आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. चोवीस वर्षं लसीकरणाच्या याद्या केल्या, तेव्हा घरातलं कामसुद्धा वहीत उतरवल्याशिवाय मला सुचत नाही. यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिच्या वहीत नाव न्हाई त्याला ताट न्हाई." सांगू देत. त्या शनिवारची यादी सोळा कामांची होती.

धाकटी जाऊ श्रावणात गेली. सोयाबीन निंदताना साप चावला. फोन आला तेव्हा मी लसीकरणात होते. पोचले तेव्हा माझ्याकडून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन्ही लेकरं बापाजवळच राहिली, शेजारच्या बाईंच्या आधारानं. दिवाळीची सुट्टी लागली तशी मी त्यांना इकडे घेऊन आले. वर्षाच्या आत सण करायचा नसतो, म्हणून आकाशकंदील नाही, करंज्या नाहीत. दोन लेकरं आणि पंधरा रिकामे दिवस.

पोरगा रोज एकदा आईसाठी भोकाड पसरायचा आणि अर्ध्या तासानं अंगणात टायर पळवायचा. त्याची मला चिंता नव्हती. चिंता पोरीची. ती रडत नव्हती. सांगितलं ते करायची, न सांगितलेलंही करायची. माझ्या साड्यांच्या घड्या माझ्यापेक्षा नीट घालायची. नवा फ्रॉक घ्यायचा का? न्हाई. जिलेबी आणू? न्हाई. सोमवारी शाळा उघडणार आणि ही पोर बाई नसलेल्या घरात परत जाणार. त्याआधी तिनं एकदा तरी काहीतरी मागावं, हट्ट करावा, एवढंच मला हवं होतं.

मंगळवारी लसूण सोलता सोलता तिनं मागितलं.

"मोठी आई, आपण भुताचा पिच्चर बघायचा?"

"काहून गं? झोप लागायची न्हाई मंग."

"लागंल." दोन पाकळ्या सोलून झाल्या. "भुताचे पाय उलटे असतात, व्हय ना?"

"असं म्हणतात खरं."

"मंग ते येऊन राहिलं का जाऊन राहिलं, कसं कळतं?"

मला हसू आलं. "सोपं आहे. पावलं उलटी वाचायची. बाहेर तोंड असलं की आत आलं."

तिनं मान हलवली, शाळेत उत्तर लिहून घेतात तशी. आणि मी लसणाचे हात पुसून वही आणली. श्रावणानंतरचं पोरीचं पहिलं मागणं होतं. त्याच्या मागं काय आहे, हे बघायला थांबले नाही.

यादी झरझर झाली. गल्लीतल्या मास्तरांकडून प्रोजेक्टर. पडद्याला पांढरी चादर, इस्त्री करून. सिनेमा लेकरांचा, हिंदीतला, त्यात भूतच माणसांना घाबरतं. मी आधी पूर्ण बघून घेतला. संध्याकाळी लाइटीचा भरवसा नसतो, म्हणून वेळ दुपारी तीनची, आणि मधल्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या. गळक्या मडक्याला डोळे-तोंड कोरून आत बॅटरी. उकडलेल्या अंड्यांना मिऱ्यांचे डोळे. मक्याच्या लाह्या, पाच वाट्या. पाच पाट, दोन गोधड्या.

यजमानांनी वही वाचून काढली. "भुतालाबी टायमटेबल दिलं का? तीनला बराबर हजर राहा म्हणावं, न्हाईतर गैरहजेरी लागंल."

"तुमी घोंगड्या ठोका. सहावं काम तुमचं आहे."

"बघ रे," ते पोराला म्हणाले, "या घरात भुतापेक्षा कोण डेंजर आहे!"

पोरगा खिदळला. पोरीनं विचारलं, "मोठी आई, मागचं दार उघडं ठेवायचं ना?"

"कशाला?"

"भुताला यायला."

मी तेही यादीत टाकलं.

अकरावं काम पिठाचं. ते माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालं. मागच्या दारापासून मधल्या खोलीपर्यंत चिंचोळा बोळ आहे, त्यात भुताची पावलं उमटवायची. गौरीची पावलं आपण मुठीनं काढतो, पण ती इवलीशी आणि शुभाची. भुताची मोठीच हवीत. म्हणून शनिवारी जेवणं झाल्यावर, लेकरं दिरासोबत ओट्यावर बसली होती तेव्हा, मी ज्वारीचं पीठ चाळणीनं बोळभर पसरलं. चपला काढल्या. मधल्या खोलीच्या उंबऱ्यापासून मागच्या दारापर्यंत एकेक पाऊल दाबून टाकत गेले आणि तशीच बाहेर पडले. हौदावर पाय धुतले, घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत आले. अकरा पावलं, सगळ्यांची तोंडं बाहेर. टाच, तळवा, पाच बोटं, झकास उमटली होती. खूण केली.

दहाव्याचं पीठ मला त्या वेळी आठवलं नाही. हे मी स्वतःला रोज सांगते. खरं आहे, पण त्यानं काही होत नाही.

पावणेतीनला लेकरांना हाक मारली. पोरगा पुढं होता. बोळात बॅटरीचा झोत पडला आणि तो किंचाळला, "भूत! बापा, भूत येऊन गेलं!" पिठात उडी घेणार, तोच पोरीनं त्याची कॉलर धरून मागं खेचलं.

"पाय नको ठिवू."

आवाज असा होता की तो जागीच थांबला. ती उकिडवी बसली. पहिलं पाऊल बघितलं, दुसरं बघितलं. मग उठून आपल्या दप्तराकडे गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. एक चप्पल होती. निळ्या पट्ट्याची, डाव्या पायाची.

ती चप्पल पोरीजवळ आहे हे मला माहीत नव्हतं. साखऱ्यातलं सामान मीच आवरलं होतं, यादी करून. एकच चप्पल सापडली तेव्हा दुसरी शेतात राहिली असेल असं धरून चालले होते.

पोरीनं चप्पल डाव्या पावलाशेजारी ठेवली. बोटानं टाच मोजली, पुढचं टोक मोजलं. बरोबर जुळलं. जुळणारच. आम्हां दोघी जावांचा नंबर एकच, सहा. सेनगावच्या बाजारात एका वेळी दोन जोड घ्यायचो, तिचा निळा, माझा तपकिरी. गर्दीत एकमेकींच्या घालून जायचो.

"पावलं बाहेर तोंड करून हायेत," ती म्हणाली. "म्हंजे आत आली."

आणि हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा.

आमच्याकडे माणूस गेलं की दिव्याजवळ परातीत पीठ पसरून टोपली झाकतात. दहाव्याच्या सकाळी टोपली उचलून जाणते लोक पाऊल बघतात. ज्याचं उमटलं त्या जन्माला जीव गेला म्हणायचं. साखऱ्यात त्या सकाळी माणसांची दाटी होती. लेकरं पायात नकोत म्हणून मीच पोरीला शेजारी पाठवलं. एक म्हातारे म्हणाले चिमणीचं पाऊल आहे. मला काहीच दिसलं नाही. पुढची कामं खोळंबली होती. मी परात उचलली, पीठ ओढ्यात सोडलं, परात घासून पालथी घातली. पोरगी आली आणि म्हणाली, "मला आईचं पाऊल दाखव." मी म्हणाले, "झालं बाळा ते." ती ओढ्यापर्यंत जाऊन परत आली. त्यानंतर तिनं काहीच मागितलं नव्हतं, मंगळवारपर्यंत.

हे सगळं मला बोळात, बॅटरी हातात धरून, एकदम कळलं. तोंड उघडलं. वाईट बातमी सांगायची मला सवय आहे. माझ्या कामात ती सांगावीच लागते, आणि लगेच सांगितलेली बरी, हे मी नव्या मुलींना शिकवते. पण तिचा हात चपलेवर होता आणि चेहरा असा की माझ्याकडून एवढंच निघालं, "चला, पिच्चर लावू."

सिनेमा ठरल्याप्रमाणे झाला. मडकं छान दिसलं. अंडी संपली. पोरगा हसून हसून लोळला, यजमानांनी मुद्दाम दोनदा घाबरल्याचं सोंग केलं. पोरीनं पडद्याकडे पाठ केली होती. ती बोळाच्या तोंडाशी पाट घेऊन बसली. मध्येच उठून स्वयंपाकघरातून सहावी वाटी आणली, सगळ्यांच्या वाट्यांतल्या थोड्या थोड्या लाह्या तिच्यात घातल्या आणि चपलेजवळ ठेवली. मग हलक्या आवाजात बोलत राहिली. शाळेत काय झालं, शेळीला किती पिल्लं झाली, भावानं कोणता कप फोडला. तीन महिन्यांचं साठलेलं. संध्याकाळी दोन भाकरी खाल्ल्या.

दीर माझ्या मागं चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, ते पाऊल तुमचंच ना?"

"माझंच."

"मला वाटलंच." त्यानं चुलीत एक काटकी सारली. "खरं सांगू? घटकाभर मलाबी वाटलं, तुमचं न्हाई."

"तू बाप आहेस. तू सांग तिला."

"माझ्यानं न्हाई होत. दहाव्याला मीच तिला सांगितलं, आई चिमणी झाली. ती म्हणली, मंग तिची चप्पल कोन घालंल? मी उठून गोठ्यात गेलो. तुमीच सांगा. तुमचं ऐकते ती."

रविवारी सकाळी मी तिची पिशवी भरली. ती बोळात बसून होती.

"मी न्हाई येत," ती बापाला म्हणाली. "आई हितं आली. आपल्या घरी कुठं आली होती?"

त्यानं तिला उचलायला हात पुढं केले, तर तिनं दाराची चौकट धरली. हट्ट करावा असं मला वाटत होतं, तो केला. दीर पोराला पुढं बसवून एकटाच गेला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही.

आज गुरुवार. शाळा उघडून चार दिवस झाले. साखऱ्याच्या शेजारच्या बाईंचा दोनदा फोन आला: "लेकराचं नुकसान होऊन राहिलं, पाठवा की." बोळात पिठाला मुंग्या लागल्या आहेत. पोरीनं दोन्ही टोकांना पाट आडवे लावले आहेत, यजमान मागच्या दाराला जायला घराला वळसा घालतात आणि मला काही बोलत नाहीत. ते बोलले असते, टोमणा मारला असता, तर बरं वाटलं असतं. मागचं दार ती लावू देत नाही. वाऱ्यानं पावलांच्या कडा ढासळल्या, बोटं पुसट झाली. ती रोज उठल्या उठल्या नवं पाऊल आहे का बघते, मग शाळेच्या मुलीसारखी वेणी घालून तिथंच बसते.

काल विचारलं, "मोठी आई, पुसून चाललं. म्हंजे ती जाऊन राहिली का?"

"बघू," म्हणाले.

आज सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी पिठाचा डबा उघडला. चाळणी हातात घेतली. पायातली एक चप्पल काढलीसुद्धा. मग न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला आणि मी चाळणी खुंटीला अडकवली. नवं पाऊलही टाकलं नाही, जुनं पुसलंही नाही.

त्या शनिवारच्या यादीत शेवटचं काम होतं, बोळातलं पीठ झाडून घेणे. त्याच्यापुढे खूण नाही. रविवारी त्याच्याखाली एक काम वाढवलं: तिला सांगणे. न झालेलं काम पुढच्या पानावर उतरवायचं, ही माझी पद्धत. आजचं पाचवं पान. आता ती हाक मारते आहे, वाटीतल्या लाह्या मऊ पडल्यात म्हणून. नव्या भाजून द्यायच्या आहेत. ते आधी लिहिलं. त्याच्याखाली, उद्यासाठी, तेच दोन शब्द.