गारी हलू हाक

पनवेलच्या एसटी स्टँडमागे माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. डायनामो, सेल्फ, हॉर्न, दिवे. तीस-बत्तीस वर्षं हेच केलं. गाडीत करंट कुठून निघतो आणि कुठे अडतो हे मला डोळे मिटून हातानं कळतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझी ही विद्या काही कामाला आली नाही.

माझा मित्र खारघरजवळच्या ओवे गावचा. मूळचा शेतकरी, मग गोवा रोडवर वर्षानुवर्षं ट्रक चालवला. भाताची जमीन शहरात गेली तेव्हा एक तुकडा त्यानं विकला नाही. त्यावर पत्र्याची मोठी शेड टाकली आणि त्यात जुन्या लष्करी गाड्या आणून ठेवायला लागला. चहूबाजूंनी वीस-वीस मजल्यांच्या इमारती आणि मधोमध ती शेड. दुकान मुलाला दिल्यावर मीही रोज तिकडेच जायला लागलो. लोखंड आणि इंजिन त्याच्याकडे, वायरिंग माझ्याकडे. आमच्या दोन जीप तयार होत्या. हिवाळ्यात कुठे प्रदर्शन असलं की घेऊन जायचो. मैदानात रांगेत गाडी लावायची, बॉनेट उघडायचं, लोक फोटो काढतात, मुलं हॉर्न वाजवतात. तेवढाच आनंद.

मग ती अँब्युलन्स आली. लष्करानं मोडीत काढलेली, लिलावातून फिरत फिरत कळंबोलीच्या एका भंगारवाल्याकडे पडलेली एक टनी गाडी. मागे पत्र्याची बंद खोली, आत चार स्ट्रेचर. दोन खाली, दोन वर, जाड कॅनव्हासच्या पट्ट्यांवर टांगलेली. ड्रायव्हर आणि मागची खोली यांच्यामध्ये लोखंडी भिंत, तिच्यात वहीएवढी काच. काचेतून ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसे आणि इंजिनाच्या आवाजात काही ऐकूही येत नसे. म्हणून मागे, वरच्या उजव्या स्ट्रेचरच्या उशापाशी एक बटण होतं आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी. एसटीत कंडक्टर दोरी ओढतो तसंच.

इंजिन चालू करायला आम्हाला एक पावसाळा लागला. दिवाळीनंतर आतलं काम काढलं. छताला रंगाचे तीन थर होते. एके दिवशी दुपारी मित्र वरच्या उजव्या स्ट्रेचरवर उताणा पडून छत घासत होता आणि मी खाली वायर ओढत होतो. घासण्याचा आवाज थांबला. बराच वेळ सुरू झाला नाही, म्हणून मी वर पाहिलं.

"काय रे?"

त्यानं बोटानं छत दाखवलं. मी खालच्या स्ट्रेचरवर पाय देऊन वर डोकावलो. सगळ्यात जुन्या रंगातून थेट पत्र्यात, खिळ्यानं किंवा चाकूच्या टोकानं कोरलेली अक्षरं होती. वेडीवाकडी, एकमेकांवर चढलेली. झोपलेल्या माणसाचा हात जिथे पोचेल, बरोबर तिथे.

गारी हलू हाक. लय दुकतंय.

मित्रानं ते मोठ्यानं वाचलं. त्याच्या तोंडून ते वाचल्यासारखं वाटलंच नाही, तोच बोलल्यासारखं वाटलं.

"ह्यो आमच्यातला हाय," तो म्हणाला. "गाडीला गारी कोन म्हनतो? आमीच म्हनतो. पनवेल, उरन, पेन, अलिबाग. ह्यो पोरगा हितलाच कुठला तरी हाय."

गाडी कुठे कुठे चालली होती कोण जाणे. तिचे जुने नंबर खरवडून टाकलेले होते. मी नंतर लष्कराच्या एका कार्यालयाला पत्रही लिहिलं. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद उपलब्ध नाही, असं उत्तर आलं.

त्याच आठवड्यात मी घंटीची लाइन तपासली. बटण ठीक, घंटी ठीक, आणि वायर भिंतीजवळ तुटलेली. वरचं वेष्टण शाबूत, आतली तांब्याची तार तुटलेली. तुटलेल्या टोकांवर हिरवा गंज इतका जाड होता की ही तूट कालपरवाची नव्हे हे सरळ दिसत होतं. मी तो तुकडा हातात घेऊन बसलो. त्या माणसानं आधी बटण दाबलं असणार. पुन्हा पुन्हा दाबलं असणार. पुढे काहीच वाजलं नसणार. मग त्यानं पत्रा कोरायला घेतला.

मी बटणापासून घंटीपर्यंत नवी वायर टाकली.

पहिल्यांदा गाडी रस्त्यावर काढली ती सकाळी दहाच्या सुमारास. खारघरमधून कळंबोलीकडे. मित्र चालवत होता, मी शेजारी. उड्डाणपुलाच्या उतारावर गाडीनं वेग घेतला आणि डोक्यावर घंटी वाजली. एकदा, लांब. मित्रानं सवयीनं ब्रेक मारला. आम्ही उतरून मागचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं. वरच्या स्ट्रेचरच्या पट्ट्या हलत होत्या, पण ब्रेक मारल्यावर त्या हलणारच.

"करंट अर्थ होतोय कुठेतरी," मी म्हणालो. "बॉडी वाकली की वायर पत्र्याला टेकत असेल."

शेडमध्ये येऊन मी सगळी लाइन पुन्हा उघडली. वायर कुठेही टेकत नव्हती. तरी तिला रबरी नळीत घातली, बटण बदललं. पुढच्या रविवारी पुन्हा उतार, पुन्हा घंटी. आमच्याकडचे खड्डे सगळ्यांना माहीत आहेत. त्या खड्ड्यांतून गाडी अशी आपटत जाई की दात वाजत, पण घंटी कधी वाजली नाही. चढावर वाजली नाही. फक्त उतारावर, आणि तेही वेग असला तरच. मित्रानं पाय काढला की गप्प.

शेवटी मी म्हणालो, "मी मागे झोपतो. बटणावर नजर ठेवतो. तू उतारावरून जोरात आण."

त्याला ते आवडलं नाही. पण बटणाचं काय होतं ते बघितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. मी वरच्या उजव्या स्ट्रेचरवर चढलो, पट्टे आवळून घेतले. दार बंद झालं. भर दुपारचं ऊन होतं, तरी आत फक्त त्या छोट्या काचेतून येणारा उजेड. छत नाकापासून हातभर. ती अक्षरं इतक्या जवळ होती की वाचायला नजर मागे घ्यावी लागत होती. पत्रा तापला होता आणि त्याला एक वास होता, डेटॉलसारखा, पण गोडसर. एवढा घासून, धुऊन, रंग काढूनही.

मी मान वळवून बटणाकडे बघत राहिलो. गाडी पुलावर चढली. मग तिचं नाक खाली झालं, माझं सगळं अंग पायांकडे सरकलं आणि पट्टा मांडीत रुतला. पुढे घंटी वाजली. मी शपथेवर सांगतो, बटण हललं नाही. मी त्याच्याकडेच बघत होतो.

गाडी थांबली, मित्रानं दार उघडलं.

"तू वाजवलीस?"

"नाही."

तेवढंच बोललो. जे सांगितलं नाही ते हे, की दार उघडल्यावर मला कळलं, माझा उजवा हात वर आहे. तो मी कधी उचलला आठवत नाही. तर्जनी पत्र्याला टेकलेली होती, शेवटच्या अक्षरापुढे, जिथे पुढचं लिहायला जागा होती. नखात रंगाचा भुगा होता.

हे मी त्याला चार दिवसांनी सांगितलं, शेडमध्ये चहा पिताना. तो हसेल किंवा घाबरेल असं वाटलं होतं. त्यानं कप खाली ठेवला आणि स्वतःचीच एक गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांच्या दोस्तीत मी ती ऐकली नव्हती.

"वडखलच्या पुरं एक मानूस रस्त्यात परलेला. कुनी ठोकून गेलता. मी उचलला, मागं हौद्यात पोत्यांवर निजवला, नि पनवेलला आनला. लय जोरात आनला. तो मागून वरडत व्हता. इंजिनात काय नीट ऐकू येत नाय. मला वाटला, लवकर चल म्हनतोय. मी आनखी पाय दाबला."

"मग?"

"पनवेल आलं तवा गप झालता."

शेजारच्या इमारतीत कुणीतरी फरशी कापत होतं. तो आवाज थांबेपर्यंत तो थांबला.

"तो काय म्हनत व्हता," तो म्हणाला, "ते मला आता समजला."

त्यानंतर छत रंगवायचा विषय संपला. आम्ही बाकी सगळी गाडी रंगवली, ते छत तसंच ठेवलं. अलिबागच्या प्रदर्शनाला गाडी नेली तेव्हा परीक्षकांपैकी एक जण आत डोकावून म्हणाला, "बाकी फर्स्ट क्लास, पण छत रंगवा. मार्क जातील." मित्र म्हणाला, "जाऊं दे." जाताना शिरढोण मागे पडून कर्नाळ्याचा उतार लागला तसा तो दुसऱ्या गिअरवर आला होता. मागून ट्रकवाले शिव्या देत होते. त्यानं काच वर केली आणि बैलगाडीच्या वेगानं उतरला.

मैदानाच्या फाटकापाशी एक म्हातारी कोळीण सुकी मासळी विकत बसली होती. चारच्या सुमाराला गर्दी ओसरली, तशी ती टोपली घेऊन रांगेतून बघत बघत आली आणि आमच्या गाडीशी थांबली.

"ह्यातून काय न्यायचे?"

"जखमी सैनिक, मावशी," मी म्हणालो.

तिनं टोपली खाली ठेवली. तिचा थोरला भाऊ सैन्यात होता, ती लहान असताना. वाटेत नेताना वारला, एवढंच पत्र आलं. कुठे नेताना, कशातून, काही कळलं नाही. देहही आला नाही. हे ती मासळीचा भाव सांगावा तशा आवाजात सांगत होती.

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मग तिला हात देऊन आत चढवलं. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

ती मान वर करून त्या अक्षरांकडे बघत राहिली. मला वाटलं आता रडेल.

"ह्यो आमचा दादा नाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"दादा हलू म्हनाचाच नाय. जत्रंला बैलगारीत बसला का बापाला म्हनाचा, बेगीन हाक, बेगीन हाक." तिनं हात वर करून पत्र्यावरून बोटं फिरवली. "पन कोनाचा तरी हाय बिचारा."

तिचं गाव रेवसच्या वाटेवर, खाडीच्या कडेला. मित्र म्हणाला, आम्ही सोडतो. पुढे बस म्हटलं तर ऐकेना, मागेच बसली. मी पुढे बसलो. तिच्या गावाशी रस्ता खाडीच्या बांधावर चढतो आणि पलीकडे घरांकडे एकदम खाली जातो. मित्राला तो उतार माहीत नव्हता. गाडी खाली सुटली आणि घंटी वाजली. त्यानं पाय काढला. घंटी थांबली नाही, वाजतच राहिली, गाडी पुरती उभी राहीपर्यंत.

दार उघडलं. म्हातारी खाली बसलेली नव्हती. उभी होती, आणि तिचा एक हात वरच्या उजव्या स्ट्रेचरवर होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"मावशी, घंटी तुमी वाजवली?" मित्रानं विचारलं.

"कंची घंटी?" ती म्हणाली. "मी त्याला सांगत व्हते, आला गाव, आला."

भरती लागत होती, चिखलातून बुडबुड्यांचा बारीक आवाज येत होता. वारा अजिबात नव्हता. ती म्हणाली, "दार जरा उघरा ठेवा," आणि सावकाश पायरीवरून खाली आली. खाली आल्यावर मागे वळून तिनं गाडीच्या दाराकडे हात पुढे केला. मला वाटलं, टोपली मागते. मी टोपली घ्यायला आत वाकलो. आत टोपली नव्हती. ती तिच्या काखेत होती.

तिनं तो हात तसाच थोडा वेळ धरला. मग पदर सारखा केला आणि घराकडे निघून गेली. चालताना एका अंगानं किंचित झुकली होती, पण म्हाताऱ्या बायका तशाच चालतात.

यानंतर सगळं थांबलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण परत येताना कर्नाळ्याच्या अलीकडे, एका साध्या उतारावर, घंटी पुन्हा वाजली. मित्र हळू झाला. मी ती लाइन आता तपासत नाही. वायर काढून टाक, असं मुलगा म्हणतो. ते पाच मिनिटांचं काम आहे, पण एकदा तुटलेली मी हातात धरलेली आहे.

दोन वर्षं झाली. आम्ही अजून प्रदर्शनांना जातो. पुण्याला नेत नाही, येताना घाट उतरायला लागतो म्हणून. म्हातारीनं त्या दिवशी मित्राचा नंबर घेतला होता. महिन्या-दोन महिन्यांनी ती नातवाच्या फोनवरून फोन करते. मासळीचं, पावसाचं बोलते. आमचं दोघांचं कसं आहे ते विचारत नाही. फोन ठेवण्याआधी एकच विचारते, "बरा हाय ना त्यो?"

मित्र शेडमधल्या गाडीकडे एकदा बघून घेतो.

"हाय," तो म्हणतो. "निजलाय."