काकांचं ओके

काळेवाडीत आमच्या समोरच्या खोलीत राहणारे काका चाकणच्या एका कंपनीत तपासणीवर आहेत. त्यांचं इंग्रजी जवळजवळ एका शब्दाचं. चहा ओके असतो, भाडेकरार ओके करायचा असतो, भावकीचा ओके यायचा असतो, आणि फोन ठेवतानाही ओकेच. एका शब्दाला माणूस किती राबवतो, हे मी कान देऊन ऐकत असतो. खिशातल्या पिवळ्या मार्करचं मात्र तसं नाही. पास झालेल्या पार्टवर ठिपका द्यायचा तो मार्कर ते उगाच उघडत नाहीत.

पडल्यापासून आई काठी घेऊनही चालायला घाबरायची. काकांनी एकदा ती काठी उलटी करून पाहिली. "वहिनी, रबर झिजलंय. रिजेक्ट!" म्हणाले आणि घेऊनच गेले. संध्याकाळी नवं रबर बसवून आणली. आधी स्वतः रेटून पाहिली, मग आईला दारापर्यंत चालवलं, आणि मुठीखाली पिवळा ठिपका दिला.

आता जिन्यात मी हात धरायला गेलो, की आई तो ठिपका दाखवते आणि विचारते, "तुझ्यावर आहे का असा?"