धर्माजींचा तांबडा वाफा

धर्माजींनी रॅडिकिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा राजुरीत वारा पडला, गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवलं आणि खुद्द धर्माजींनी तोंडातली तंबाखू गिळली, असं ते स्वतः सांगत. यातली तंबाखू तेवढी खरी. पुतण्या भरत पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी होता. २००३च्या दिवाळीला त्यानं पिशवीतून मुठीएवढा गड्डा काढला. दिसायला कोबीचा धाकटा भाऊ, पण रंग वांग्यापेक्षा उजळ, डाळिंबापेक्षा गडद, आणि पानापानाला पांढरीशुभ्र शीर. साठीच्या माणसानं चारचौघांत कशाकडंही इतका वेळ पाहू नये.

"तात्या, इटलीची भाजी हाय. कडू लागती, पन लोक पैसं मोजून खात्यात."

"बी आनलंय का?" धर्माजींनी विचारलं.

बी आणलं होतं. पण घरामागच्या परसात बयाबाईंचं राज्य होतं आणि तिथं नवऱ्याला फक्त पाणी धरायची परवानगी होती. धर्माजींनी आवाज शक्य तितका मऊ करून एक वाफा मागितला.

"घ्या," बयाबाई म्हणाल्या. "पन भाजी म्या करनार. माज्या गळ्याखाली उतरली तर वाफा जलमभर तुमचा. न्हाई उतरली तर परत माज्या परसात हात घालायचा न्हाई."

धर्माजींनी शेतात आयुष्यभर पोटापुरतं आणि बाजारापुरतं पिकवलं होतं. नुसतं आपल्याला आवडलं म्हणून काही लावायची ही पहिलीच वेळ. त्यामुळं ते वाफ्याशी असे वागू लागले, की नवी नवरीसुद्धा लाजावी.

रोपं मात्र हिरवीगार आली. शेजारच्या लंकाबाई कुंपणावरून डोकावल्या. "भाऊजी, ही तर बांधावरची पाथरी दिसतीया!"

"थंडी पडू द्या," धर्माजी म्हणाले.

थंडी पडली. राजुरीवर सकाळी धुकं उतरायचं. उसाचे तुरे, गोठा, लंकाबाई, सगळं त्यात विरघळून जायचं. धर्माजी घोंगडी पांघरून वाफ्याशी बसत. धुक्यात पानांच्या कडांना हळूच तांबूस छटा चढत होती, जणू कुणी झोपेत हसावं. बसल्या बसल्या त्यांना वाटे, वाफ्याचा बांध ओलांडून हा रंग पुढं निघालाय, शेताशेतांतून चढत थेट शिवनेरीपर्यंत गेलाय, आणि आपण त्यातून अनवाणी चाललोय.

"आत या, बिबट्या न्हेईल!" बयाबाई ओरडत. "न्ह्यायचं तर गड्ड्यासकट न्हे म्हनावं," धर्माजी बसल्या जागेवरून म्हणत.

जानेवारीत गड्डे घट्ट झाले. बयाबाईंनी दोन चिरले आणि कारल्यासारखं मीठ लावून पिळायला घेतले.

"पिळू नगंस! कडूपनाच तर त्याचा जीव हाय."

"बरं राव." लसणाची फोडणी, मिरची, वरून शेंगदाण्याचा कूट. धर्माजी कढईवर वाकले आणि त्यांचा चेहरा उतरला. तीन महिने जपलेला तो तांबडा रंग डोळ्यांदेखत मातकट झाला होता.

"अगं, रंग गेला!"

"खायचं काय व्हतं, भाजी का रंग?"

बयाबाईंनी बाजरीच्या भाकरीशी घास घेतला. चावला. डोळे बारीक केले. धर्माजींचा स्वतःचा घास हातातच राहिला. मग बयाबाईंनी पुन्हा कढईत डाव घातला.

"लई कडू हाय," त्या म्हणाल्या. "उद्याला जवारीच्या भाकरीसंगं करू. वाफा तुमचा."

धर्माजींनी दोन गड्डे बियांसाठी राखले. मार्चच्या उन्हात त्यांना उंच दांडे फुटले आणि त्यांवर सकाळी आभाळाच्या रंगाची निळी फुलं उमलू लागली. धर्माजी पुन्हा घोंगडीविना का होईना, तिथंच बसू लागले. पुढल्या साली अख्खं परस तांबडं आणि मग अख्खं निळं करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यावर बयाबाई नाही म्हणाल्या नाहीत.

फुलांना बी धरलं नाही. भरत तोवर हॉटेल सोडून चाकणला कंपनीत लागला होता, त्यामुळं नवं बी आणायलाही कुणी उरलं नाही. जूनमध्ये धर्माजींनी त्या वाफ्यात मिरची लावली.