पाचगणीच्या एसटीतला बाळ येशू

बाळांनो, नाताळच्या आधी मी साताऱ्याहून पाचगणीच्या एसटीत बसले, तेव्हा मांडीवर चर्चच्या गव्हाणीसाठी घेतलेला प्लॅस्टरचा बाळ येशू होता. गेल्या वर्षीचा आणताना फुटला, म्हणून हा धड पोहोचवायचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. तुमची आजी किती व्यवस्थित, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने आवळलं होतं.

"काय हाय वं त्यात?" शेजारच्या बाईंनी विचारलं. मी कागद बाजूला करून चेहरा दाखवला.

"अगं बया! तोंड कशापायी बांधलंय लेकराचं?" त्यांनी सुतळी सोडली, पदराने त्याचं नाक पुसलं आणि त्याला मांडीवर घेतलं.

रविवारी चर्चमध्ये मी येशूच्या मूर्तीविषयीच बोलणार होते. आयता श्रोता मिळाल्यावर मी कशाला थांबते? देव देहधारी झाला, म्हणूनच कलाकाराला त्याचं रूप कल्पिता येतं, मूर्ती ही नुसती खूण, असं बरंच बोलले. बाई मान डोलवत होत्या आणि गुडघा हलवून त्याला जोजवत होत्या.

"अहो, प्लॅस्टर आहे ते," शेवटी मी म्हणाले.

"ते दिसतंय की मला. पर बाळ हाय न्हवं?"

वाईला उतरताना त्यांनी त्याला माझ्या हातात दिलं आणि मान कशी धरायची तेही दाखवलं. तुमच्या आईला मीच वाढवलंय, तरी निमूट शिकले.

पसरणीचा घाट लागला, गार वारा येऊ लागला. कोणी बघत नाही ना, ते पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.