गोणीसकट

रेंजमामांना गाडी चालवण्यापेक्षा गाडीविषयी बोलणं फार चांगलं यायचं. दौंडजवळच्या त्यांच्या घरी कोणी नवी गाडी दाखवायला आला, की मामा बॉनेटवर टिचकी मारून म्हणायचे, "पत्रा हलका हाय. फसलास." समोरच्याने पेढे आणलेले असायचे. मामा पेढा खायचे आणि तो कसा फसला ते खुलासेवार सांगायचे.

स्वतः मात्र त्यांनी वर्षानुवर्षं गाडी घेतली नाही. कुरकुंभच्या कारखान्यातली पाळी संपली, की घरी येऊन माहितीपत्रकं वाचत बसायचे. ही पेट्रोल पिते, ती फार आवाज करते, तिसरीची डिकी लहान. मामींचं माहेर शिरूरला. तिकडे जायला एसटी बदलावी लागे आणि त्यांचे गुडघे गेलेले. "कसली बी घ्या, पर घ्या," असं त्या म्हणायच्या. मामांचं उत्तर ठरलेलं: "घाई केली की मानूस फसतो." बाई माहेरासाठी झुरत होती आणि हे गृहस्थ टायरची रुंदी तपासत होते!

दोन हजार सालानंतर विजेवर चालणारी ती चिमुकली गाडी आली आणि मामा विरघळले; घेतलीच. दोन दारं, पुढे दोन माणसं, मागे जेमतेम दोन पोरं. "एका चार्जिंगला ऐंशी किलोमीटर रेंज! शिरूर म्हंजी अंगणात आलं," हे वाक्य त्यांनी गावात कोणालाही ऐकवायचं बाकी ठेवलं नाही. त्यावरूनच रेंजमामा हे नाव पडलं. भारनियमनात चार्जिंगला इतके तास वीज कुठून आणणार, असं कोणी विचारलं तर त्याची अक्कल काढायचे.

तेवढ्यात मामींच्या आईने अंथरूण धरलं. म्हातारीचा निरोप आला: लेकीच्या रानातल्या नव्या ज्वारीची भाकर खायचीय. दरवर्षी पहिली गोणी माहेरीच जायची. मामींनी ती गाडीत चढवून घेतली आणि उरलेल्या जागेत मी, त्यांचा भाचा, गुडघे हनुवटीला लावून बसलो. मला कशाला घेतलंय ते मामांनी आधीच सांगितलं होतं. ढकलायला.

न्हावऱ्याच्या पुढे एका चढाला गाडीने मान टाकली. मी ढकलली, पण ती हलेना. मामा खाली न उतरताच म्हणाले, "क्याटलागमदी गोणी धरलेली न्हाई. ती उतरव, म्हंजी गाडी निघंल. गोणी उद्या बघू."

"उद्या आई असंल का?" मामी म्हणाल्या. "गोणी न्हाई उतरायची. मीच उतरते."

त्यांनी शिरूरकडे जाणारा कांद्याचा पिकअप थांबवला. ड्रायव्हरने आणि मी गोणी वर टाकली, मामी पुढे बसल्या आणि गेल्या. मामा स्टिअरिंग धरून बसले होते. इतका मूर्ख दिसणारा शहाणा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

संध्याकाळी म्हातारीने दुधात कुस्करलेली भाकर खाल्ली. "जावई कुठं हायती?" तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाडी आली, ट्रॉलीच्या कडेला मी आणि गाडीत मामा. खिडकीतून ते दृश्य पाहून म्हातारी खोकला येईस्तोवर हसली. त्याच आठवड्यात ती गेली.

मामांनी कधी चूक कबूल केली नाही. नंतरही लोक सल्ला विचारायला येत आणि मामा तसेच ताणून आकडे सांगत. फक्त शेवटी स्वयंपाकघराकडे बघून, आवाज जरा खाली आणून म्हणायचे, "आन् गोणीसकट किती जाती, ते इचारा."

मामा आता नाहीत. परवा मी विजेची गाडी बघायला गेलो, मामींना बरोबर घेऊन. विकणारा मुलगा रेंजचा मोठा आकडा सांगत होता.

"गोणीसकट?" मी विचारलं.

तो गोंधळला. मामींनी मागचं दार उघडलं, आतली जागा हाताने चाचपली आणि बराच वेळ हात तिथेच ठेवला.

"आमचं ह्ये जन्मात एकच गोष्ट शिकले," त्या म्हणाल्या, "पर शिकले."