चौकटीसकट निळे दार

पूर ओसरल्यावर हळर्णच्या पंचायतघरात ओल्या कागदांचा आणि नदीच्या गाळाचा एक थंड, आंबूस वास भरून राहिला होता. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि गावानेच मला शिकवलेले, म्हणून पंचायतीचे वार्तापत्र लिहिण्याचे काम मी कृतज्ञतेने पत्करले. पुरानंतरच्या अंकातली नुकसानीची यादी तालुक्याला जायची होती. जे घर यादीत नाही, त्याला पुन्हा उभे राहायला मदत नाही. पण घरमालकाच्या सहीशिवाय ओळ छापता येईना, आणि आठवडाभरात तीनच ओळी जमल्या होत्या. आमची दर्शनी भिंत दारासकट वाहून गेलेली, तरी आईने सही केली नाही.

"गेलां म्हणान लिवलंस तर ता परत कशाक येतलां?" ती म्हणाली.

त्याच सुमारास नदीच्या खालच्या अंगाच्या चोपडे गावाचे वार्तापत्र आले. त्यात पानभर फक्त नदीतून मिळालेल्या वस्तू : मुसळ, दोन पाट, पाळण्याची दांडी, चौकटीसकट निळे दार. चोपडेकर तत्पर आणि आम्ही उदासीन, असा निष्कर्ष काढून मी संपादकीयाचा मसुदाही केला. शिकलेल्या माणसाला निष्कर्षाची घाई असते.

आमचे दारही निळेच, म्हणून ते ओळखायला चोपड्याला गेलो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मच्छीमाराने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "दार इलां, घर खंय ऱ्हवलां?" तो हसला. जाळी वाळत घातलेल्या अंगणात, माडाला टेकून, ते दार उभे होते. इतके जड दार उभे करण्याचे कष्ट कशाला, असे मी विचारले.

"आडवां घातलां की दाराची फळी होता," तो म्हणाला.

दार घेऊन परतताना होडीत, उन्हाने पिवळ्या झालेल्या पाण्याकडे पाहत, मी तो मसुदा मनातल्या मनात पुसून टाकला. एका गावाने वस्तू गेली असे म्हटले नव्हते, दुसऱ्याने ती आपली झाली असे मानले नव्हते. मधे फक्त नदी होती.

आईने दारावरून हात फिरवला आणि माझ्याकडची यादी मागून घेतली.

"आता भिंत गेली म्हणान लिव. ती काय पोवन येवची नाय."

तिने सही केली. मग दोघांनी मिळून ते दार उघड्या अंगणात उभे केले, आणि तिन्हीसांजेला, आत-बाहेर असे काहीच उरलेले नसताना, आईने नेहमीसारखी त्याची कडी लावली.